नोकरी सोडली की ती बरी होईल का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे गृहस्थ ४६ वर्षांचे, बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. घर मनीष नगरात. पत्नी ४३ वर्षांची, सिव्हिल लाइन्समधल्या एका राज्य सरकारी कार्यालयात लिपिक, नोकरीला पंधरा वर्षं झालेली. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. सोबत ७१ वर्षांची आई, तिला मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. वर्षभरापासून पत्नीची तब्येत बिघडली आहे. डोकं दुखतं, जिना चढताना दम लागतो, रात्री झोप नाही, चिडचिड वाढली आहे. ऑफिसातल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब १४८/९४ निघाला. ते लिहितात, “आता दोन पगारांची तेवढी गरज राहिलेली नाही. मी तिला प्रेमानं सांगतो, नोकरी सोड, घरी आराम कर. विषय काढला की ती रडते, दोन-दोन दिवस बोलत नाही. म्हणते, तुम्हाला कळतच नाही. मी घरात कधी आवाज चढवत नाही. तिनं सांगितलेल्या कामाला नाही म्हणत नाही. तिला कसं समजावू?”

भाऊ,

तुमचं पत्र काळजीपोटी लिहिलेलं आहे हे पहिल्या ओळीपासून कळतं. बायकोच्या दुखण्याची एवढी बारीक नोंद ठेवणारे नवरे मला फारसे लिहीत नाहीत. त्यामुळे पुढचं काही टोचलं, तरी ते तुम्हा दोघांच्या भल्यासाठीच लिहिते आहे, एवढं धरून चाला.

तिला कसं समजावू, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्याच्या आधीची एक गोष्ट तुम्ही मनाशी ठरवून मोकळे झाला आहात, ती म्हणजे तिचं दुखणं नोकरीमुळे आहे. अख्ख्या पत्रात शिबिरातला एक आकडा सोडला तर डॉक्टर नाही, तपासणी नाही, रिपोर्ट नाही. वर्षभर बाईला दम लागतो आहे आणि घरात चर्चा चालली आहे राजीनाम्याची. आधी तपासणी होऊ द्या.

त्या १४८/९४ वर लगेच शिक्का मारू नका. शिबिरात रांग असते, गडबड असते, तेवढ्यात कोणी तरी दंडाला पट्टा बांधून आकडा लिहून देतं. पण तो आकडा विसरूही नका. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिला तर उच्च रक्तदाब धरतात. घरी मोजताना ही मर्यादा थोडी खाली, १३५/८५ असते. दंडावर बांधायचं यंत्र घरी आणा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवलेला, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजा, वहीत लिहा, ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सकाळच्या वेळी तिला ती पाच मिनिटं सलग बसायला मिळतात का, हेही त्या आठवड्यात तुमच्या लक्षात येईल.

जिना चढताना दम लागतो म्हटलं की माझ्या डोक्यात आधी हिमोग्लोबिन येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, आणि ते हळूहळू उतरत गेलं तर तिलाही कळत नाही. थकवा म्हणजे वय झालं, असंच वाटत राहतं. त्यात चाळिशीनंतर पाळीचं चक्र बदलतं, काहींना अंगावरून फार जातं. याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. कदाचित तुम्हाला माहीतही नसेल, कारण आपल्याकडे बायका हे नवऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. तुम्हीच विचारा. फार जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायलाच हवं, नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भागत नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त आहे, आणि आपण वाहक आहोत हे कित्येकांना माहीत नसतं. पूर्वी कधी तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना त्याबद्दलही विचारा. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, पण मुलांच्या पुढच्या आयुष्यासाठी ते माहीत असलेलं बरं. सोबत थायरॉइड, बी-१२ आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं तरी थकवा येतो, मन उदास राहतं, पाळी बिघडते, आणि घरचे मात्र स्वभाव चिडका झाला म्हणतात.

आता एक छोटं काम सांगते. ती संध्याकाळी घरी आली की तिच्या पर्समधली पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच जड लागली, तर तिच्या डोकेदुखीतलं काही तरी तुमच्या हाती लागलं. ऑफिसातलं बायकांचं स्वच्छतागृह जाण्यासारखं नसतं, दूर असतं, कधी कुलूप लावलेलं असतं. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. नोकरदार बायकांच्या पत्रांत हे मी नेहमी वाचते, आणि त्या ते तक्रार म्हणून लिहीत नाहीत, जाता जाता लिहितात. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास असताना अशा बाईचं डोकं दुखणारच. वारंवार लघवीचा संसर्ग होतो, मुतखड्याची शक्यता वाढते. स्वच्छतागृह नीट करून घ्या म्हणून कार्यालयप्रमुखांना चार जणींच्या सहीचं पत्र द्यायला लागत नाही काही. ते द्यायला तिला तुम्ही जोर द्या. आणि उन्हाळ्यात दुपारी गाडीवरून जायची वेळ आली तर जयप्रकाश नगरला गाडी ठेवून मेट्रोनं कस्तुरचंद पार्कपर्यंत जाता येतं. वर्धा रोडचं ऊन तेवढं तरी चुकेल.

एक गोष्ट मात्र थांबू नये अशी आहे. छातीत दुखणं किंवा दडपण, जबड्यात किंवा पाठीत कळ, थंड घाम, अचानक एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, यातलं काहीही झालं तर आराम कर म्हणून झोपवू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा. बायकांच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असं नसतं. नुसता दम, मळमळ आणि विलक्षण थकवा एवढंही असू शकतं, आणि म्हणूनच तो उशिरा ओळखला जातो.

आता तुमच्या घराकडे येऊ.

तुम्ही लिहिता, सकाळी सहाला उठतो, चहा घेतो, सात-दहाला चौकात कंपनीची बस येते. या वाक्यात डबा नाही. पण डबा तर सोबत असतो. म्हणजे सातच्या आधी पोळ्या झालेल्या असतात, भाजी झालेली असते, त्याच्याआधी ती चिरलेली असते, आणि त्याच्याही आधी, म्हणजे आदल्या रात्री तुम्ही झोपल्यावर, उद्या कोणती भाजी करायची हा विचार कोणी तरी केलेला असतो. सहाला तुमच्या हातात चहा येतो तेव्हा ती किती वाजता उठलेली असते? हे पत्रात नाही. तुम्ही लपवलंत असं मी म्हणत नाही. ते तुम्हाला दिसलं नसावं. त्यानंतर मुलाचं दप्तर, मुलीचा डबा, आईचं इन्सुलिन आणि नाश्ता, कामवाल्या ताई आल्या तर त्यांना काम सांगणं, नाही आल्या तर भांडी. पावणेदहाला ऑफिसच्या यंत्रावर बोट ठेवायचं असतं. सव्वासहाला तिथून निघायचं, वाटेत भाजी घ्यायची, आणि घरी पाय ठेवताच दुसरी पाळी सुरू.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. त्यातही दिवसभरात असं काही काम केलेले पुरुष शंभरात २६ च होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ आले, म्हणजे पाच वर्षांत दोघांचंही थोडं कमी झालं आणि अंतर होतं तसंच राहिलं. यात नोकरी न करणाऱ्या बायकाही मोजलेल्या आहेत, त्यामुळे हा आकडा तुमच्या घराला जसाच्या तसा लावू नका. तुमच्या घराचा आकडा तुम्हीच काढा. एक आठवडा स्वयंपाकघरात वही ठेवा आणि ज्यानं जे काम केलं त्यानं ते लिहायचं, वेळेसह. मुलांनीही. आठवण ठेवण्याची कामंही लिहायची, जसं की गॅस नोंदवला, शाळेच्या ग्रुपवरचा निरोप वाचला, इन्सुलिन संपत आलंय हे पाहिलं. ही वही भांडायला वापरायची नाही. पहिले दोन दिवस सगळे जरा दाखवण्यापुरतं करतील. चौथ्या दिवसापासून खरं उतरायला लागेल.

आता राजीनाम्याचं. तिनं नोकरी सोडली तर तिच्या दिवसातून नेमकं काय जाईल? साडेआठ तासांचं ते काम जाईल ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. जिथं तिची स्वतःची खुर्ची आहे, दुपारी मैत्रिणींबरोबर बसून डबा खाता येतो, शनिवार-रविवार सुट्टी आहे, रजा आहे, पगार आहे. ज्या कामाला यातलं काहीच नाही ते तसंच राहील. खरं तर ते वाढेल. मी हे घडताना फार घरांत पाहिलं आहे. बाई घरी बसली की सहा महिन्यांत मुलाचा ऑटो बंद होतो, कारण आई आहे ना सोडायला. धुण्याभांड्याची बाई कमी होते, कारण एक पगार गेलेला असतो. उन्हाळ्यात कुरड्या-पापड विकत आणायचे बंद होतात, नातेवाइकांच्या आजारपणात रुग्णालयात थांबायला आधी तिचं नाव निघतं. आराम कर म्हणून घरी बसवलेल्या बाईला आराम मिळत नाही, आणि थकले म्हणायची सोयही उरत नाही, कारण दिवसभर घरीच तर असतेस. तुम्ही नोकरी सोड म्हणता तेव्हा तिला बहुधा हे सगळं एकदम दिसतं. तिच्या रडण्यामागे हेच असावं. खात्री तुम्ही तिच्याकडूनच करून घ्या.

पैशाचंही एक सांगते, कारण यात बरेच जण फसतात. राज्य सरकारी नोकरीत स्वेच्छानिवृत्ती घ्यायला २० वर्षांची अर्हताकारी सेवा, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी नोकरी, लागते. तिची पंधरा झाली आहेत. आज सोडली तर तो राजीनामा ठरेल, आणि दोन्हींच्या लाभांत फार फरक आहे. आस्थापना शाखेत लेखी विचारल्याशिवाय असल्या निर्णयाच्या जवळसुद्धा जाऊ नका.

तुमच्याच पत्रात मला या प्रश्नाचं दुसरं एक उत्तर दिसतं. तुम्ही लिहिता, दोन पगारांची तेवढी गरज नाही. आणि दोन परिच्छेद खाली लिहिता, बहुतेक आठवड्यांत ओव्हरटाइम करतो, महिन्यातले दोन रविवार कंपनीत जातात. घराला कमी पैशात भागवता येत असेल, तर पहिली काट तिच्या नोकरीला का? तुमच्या ओव्हरटाइमला का नाही? हा विचार तुमच्या मनात आलाच नाही, याचा दोष मी तुम्हाला देत नाही. आपल्या घराघरांत पुरुषाचा पगार म्हणजे भिंत आणि बाईचा पगार म्हणजे पडदा, असंच धरलं जातं. पण निदान आता दोन्ही एकाच कागदावर लिहा. तुमचे दोन रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घराला मिळाल्या तर महिन्याला किती पैसे कमी येतील? तिची नोकरी गेली तर किती? मला वाटतं, ही बेरीज-वजाबाकी तुम्हाला माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त पटेल.

हे मी तुमच्या तब्येतीसाठीही म्हणते आहे. तुमची साखर ६.१ निघाली हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तो आकडा असेल तर ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि घरात आईला मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. ओव्हरटाइम धरला तर तुम्ही त्या ५५ च्या आसपास आहात, बसमधला वेळ वेगळाच. तिचे तासही त्या पलीकडे जातात, फक्त त्यातले निम्मे कुठल्याच हजेरीपटावर नसतात. त्या अभ्यासात घरकाम धरलेलं नव्हतं, म्हणून ते आकडे तिला तसेच लावता येत नाहीत. पण पाच तासांची झोप, उभ्यानं घेतलेला घास आणि सतत पुढच्या कामाची घाई यांचा रक्तदाबावर परिणाम होतोच, मग ती घाई पगाराची असो की बिनपगारी.

आता, सांगितलेल्या कामाला मी नाही म्हणत नाही, या वाक्याकडे येते. ते खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण सांगायचं कोणी? काय संपलंय, काय करायचंय, कधी करायचंय, कोणाला सांगितलं तर होईल, झालं का, हे सगळं डोक्यात घेऊन ती दिवसभर फिरते. झोप न लागण्याचं एक कारण हे असतं. अंग थकलेलं असतं, पण डोकं उद्याची यादी करत राहतं. म्हणून सुटी सुटी कामं मागू नका. एखादा अख्खा विभागच तुमच्याकडे घ्या, लक्षात ठेवण्यासकट.

माझ्या मते तुम्ही सुरुवात आईपासून करावी. आई तुमची आहे आणि ते काम वेळेला बांधलेलं आहे. इन्सुलिन कसं द्यायचं हे दवाखान्यातल्या नर्सकडून एकदा नीट शिकून घ्या. डोस आणि जेवणाआधी किती वेळ हे डॉक्टर सांगतील तसं. सुई टोचायची जागा रोज थोडी बदलायची. पेन किंवा बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. साखर अचानक उतरली, आईला घाम सुटला, थरथर झाली, तर काय द्यायचं हेही विचारून ठेवा. सकाळची सुई आईचा नाश्ता सातपर्यंत होत असेल तर तुम्ही निघायच्या आधी देऊ शकता. वेळ जुळत नसेल तर डॉक्टरांशी बोला. रात्रीची तर जुळतेच. औषधं आणणं, तपासणीची तारीख, चष्म्याचा नंबर, फाइल, सगळं तुमचं. बायकोनं त्याची आठवणही करून द्यायची नाही. पहिल्या महिन्यात एखादी चूक होईल, आणि तिला मधे पडावंसं वाटेल. तिलाही हे सोडणं सोपं जाणार नाही. पंधरा वर्षं जे आपल्याशिवाय चालत नव्हतं ते दुसऱ्याच्या हाती देताना जीव वरखाली होतो. तिच्याशी हे आधीच बोलून घ्या.

बाकीचं तुम्ही दोघं ठरवा. दहावीच्या मुलीला वरण-भाताचा कुकर लावता यायला हवा, आणि सहावीतल्या मुलालाही. तिची दहावी म्हणून तिला उठवायचं नाही आणि तो मुलगा म्हणून त्याला सांगायचं नाही, हे दोन्ही नको. कूलरमध्ये रोज पाणी भरणं हे मुलाचं काम होऊ शकतं. संध्याकाळच्या स्वयंपाकाला बाई लावायचा विचार असेल तर अवश्य करा. एवढंच मनात ठेवा, की तुमच्या घरातून उचललेला भार दुसऱ्या एका बाईच्या अंगावर जातो, आणि तिलाही घर आहे, पाळी आहे, उन्हाळा आहे. योग्य पैसे द्या, पगारी सुट्ट्या द्या, आणि तिच्याशी बोलायचं, तिचा हिशेब ठेवायचं काम तुम्ही घ्या. नाही तर तेही बायकोच्याच यादीत जाईल.

पत्नीला नोकरी न सोडता विश्रांती घेता येते, हे बहुधा तिनंही मनावर घेतलेलं नाही. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, अर्धवेतनी २० दिवस जमा होते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते. शिवाय राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलं १८ वर्षांची होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या वेळी ती कामी येईल. बायका मात्र रजा साठवून ठेवतात, लग्नकार्याला, दिवाळीच्या साफसफाईला, कोणाच्या तरी आजारपणाला. या वेळी आठ-दहा दिवसांची रजा तिच्या स्वतःच्या तपासण्यांसाठी आणि झोपेसाठी घ्यायला सांगा, आणि त्या दिवसांत माळे काढायचे नाहीत. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरातल्या सरकारी कार्यालयांत रजा मिळत नाही, रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रजा त्याच्या आधी घेतलेली बरी. आणि अधिवेशनाच्या त्या आठवड्यांत घराचा जास्त भार कोण उचलणार हेही आत्ताच ठरू द्या.

ज्या वाचक बहिणी खासगीत आहेत त्या म्हणतील, आम्हाला कुठली एवढी रजा. खरं आहे. पण तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर पगारातून कपात होते ती पाहून घ्या. आजारपणात पगाराच्या ७० टक्के दरानं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो, आणि उपचारासाठी सोमवारीपेठेत कामगार विमा रुग्णालय आहे. कार्ड कपाटात पडलेलं असतं आणि बाई मेडिकल स्टोअरमधून परस्पर डोकेदुखीच्या गोळ्या घेत राहते. तसं करू नका. रक्तदाब वाढलेला असताना वेदनाशामक गोळ्या रोज घेणं धोक्याचं असतं.

कधी कधी दुखण्याचं कारण खरोखर नोकरीतच असतं, हेही मला मान्य आहे. वरिष्ठ त्रास देत असेल, टेबल असं असेल की दोघांचं काम एकीवर आलं आहे, कोणी वेडंवाकडं वागत असेल, तर तेही घरी सांगितलं जात नाही. तिला विचारा, पण नोकरी सोड या वाक्याच्या आसपास विचारू नका, नाही तर ती खरं सांगणार नाही. सांगितलं की तुमच्या हातात कारण मिळेल, अशी तिला भीती असते. नुसतं विचारा, सध्या ऑफिसात कसं चाललंय, आणि ऐकून घ्या. टेबल बदलून मागता येतं. लैंगिक त्रास असेल तर कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते. आणि झोप नाही, रडू येतं, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टरांना तेही सांगायचं. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुम्हीही तिथं बोलू शकता. घरात माणूस आजारी असताना सोबतच्याचंही मन थकतं.

तर असं करा. येत्या शनिवारी तिला सुट्टी असते, त्या दिवशी तुम्ही रजा टाका. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं असेल तर सगळ्यांचा नाश्ता आदल्या रात्रीच तुम्ही ठरवून ठेवा, म्हणजे ती पोहे करूनच निघते म्हणणार नाही. तुमचीही साखर पुन्हा तपासून घ्या. रिपोर्टात रक्तक्षय निघाला तर गोळ्या जेवणावर की उपाशी हे विचारा, जेवणाच्या मागेपुढे तासभर चहा नको, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा संत्रं मात्र चालेल, त्यानं उलट फायदाच होतो. हिमोग्लोबिन वर यायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे महिने राजीनाम्याचा विषय घरात काढू नका, तसं तिला स्पष्ट सांगून टाका. ओव्हरटाइम त्याच काळापुरता थांबवून बघा, नंतर परत सुरू करायचा की नाही ते तेव्हा ठरेल.

तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारले, घरातली कामं खरोखर वाटली गेली, तिची झोप सात तासांच्या आसपास आली, आणि तरीही ती ऑफिसातून आजारी होऊनच परत येत असेल, तर नोकरीबद्दल बोलण्यात अर्थ आहे. बदली, टेबल, मोठी रजा, आणि शेवटी राजीनामासुद्धा. पण तो विषय तेव्हा तिनं काढायचा. तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की ती जे ठरवेल त्यात घराचा खर्च कसा बसवायचा ते आपण दोघं मिळून बघू.